लाल रेघ आणि दख्खनची वाट

लंडनच्या 'मिडल टेंपल' या वकिलांच्या जुन्या संस्थेच्या ग्रंथालयात दोन मोठे गोल आहेत. एक आकाशातल्या तारामंडळांचा, दुसरा पृथ्वीचा. एमरी मॉलिन्यू नावाच्या कारागिराने हे गोल 1592 मध्ये तयार करून विकायला काढले. इंग्लंडात इंग्रज माणसाने घडवलेले हे पहिलेच गोल. पृथ्वीगोलावर देश आहेत, समुद्र आहेत, समुद्रात जहाजं आहेत. त्याशिवाय कर्त्याने त्यावर दोन रेघा ओढल्या, साऱ्या पृथ्वीला वळसा घालून इंग्लंडात परत येणाऱ्या. लाल रेघ फ्रान्सिस ड्रेकच्या प्रवासाची, निळी थॉमस कॅव्हेंडिशच्या. या दोघांनी गलबतातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, याची ती जाहीर नोंद होती.

दोन्ही रेघा जावा बेटाकडून निघतात त्या थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातात. हिंदुस्थान वर कुठेतरी राहून जातो. ड्रेकने आपला किनारा डोळ्यांनीही पाहिला नाही. तरी त्याच्या तोफांचा आवाज गोव्याच्या तुरुंगापर्यंत पोचला, आणि त्या आवाजापायी तीन इंग्रज बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा, बीदर अशी पायपीट करत, बहुधा आजच्या नांदेडच्या मुलखातून, वऱ्हाडात उतरले. गोलावर ज्यांची रेघ नाही अशा या माणसांची हकीकत लाल रेघेइतकीच महत्त्वाची आहे.

सुरुवात जरा मागून करावी लागते. 1494 मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांनी युरोपाबाहेरचं जग आपसांत वाटून घेतलं. अटलांटिकमधून एक उभी रेषा कल्पून पूर्वेकडचं पोर्तुगालला आणि पश्चिमेकडचं स्पेनला असा तो तह. पृथ्वी गोल असल्यामुळे पाठीमागच्या बाजूला ही सीमा कुठे येते, हा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. ज्या बेटांवर लवंग पिकते ती मोलुक्कस बेटं नेमकी या वादग्रस्त जागी होती. फर्डिनांड मॅगेलनला हे ठाऊक होतं, कारण तो पोर्तुगीज आरमारातून 1505 मध्ये हिंदुस्थानात आला होता आणि 1509 च्या दीवच्या लढाईत होता. पुढे पोर्तुगालच्या राजाशी बिनसलं आणि तो स्पेनच्या नोकरीत गेला. 1519 मध्ये पाच जहाजं घेऊन तो पश्चिमेच्या वाटेने निघाला. फिलिपिन्समध्ये तो मारला गेला. सप्टेंबर 1522 मध्ये एकच जहाज, 'व्हिक्टोरिया', परतलं. त्यावर 18 माणसं उरली होती. त्यांचा कप्तान हुआन सेबास्तिआन एल्कानो याला राजाने कुलचिन्ह दिलं, त्यावर पृथ्वीचा गोल होता. जगप्रवासाची आठवण गोलावर कोरण्याची प्रथा इथून धरता येते.

मॅगेलन दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी सामुद्रधुनी शोधत होता त्याच वर्षी, म्हणजे 1520 मध्ये, कोकणातल्या नांदगावी गणेश दैवज्ञ 'ग्रहलाघव' लिहीत होते. पृथ्वी गोल आहे हे आपल्याकडच्या ज्योतिषांना नवं नव्हतं. भास्कराचार्यांचा 'गोलाध्याय' 1150 चा. आपल्या विद्वानांना गोलाचं गणित येत होतं. पण गणित आणि गलबत एकाच माणसाच्या हाती नव्हतं, आणि गलबतासाठी पैसे घालणारा सावकार त्याहून दूर होता. इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे तिघे एका टेबलाशी आले.

ड्रेक डिसेंबर 1577 मध्ये प्लिमथहून पाच जहाजं आणि दीडशेच्या वर माणसं घेऊन निघाला. वरवर व्यापार, आतून दरोडा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्पेनची जहाजं बेसावध असत, कारण त्या समुद्रात दुसरं कोणी येईल असं स्पॅनिश लोकांच्या स्वप्नातही नव्हतं. 1 मार्च 1579 रोजी ड्रेकने त्यांचं चांदीने भरलेलं एक जहाज पकडलं. त्यात 26 टन चांदी होती. आता आल्या वाटेने परतणं म्हणजे फास गळ्यात घालून घेणं. म्हणून त्याने प्रशांत महासागर ओलांडला. पृथ्वीप्रदक्षिणा हा त्याचा मूळ बेत होता की नाही यावर मतं असतील, पण लुटीचा माल सुखरूप घरी न्यायचा तर दुसरी वाट उरली नव्हती.

नोव्हेंबर 1579 च्या पहिल्या आठवड्यात तो मोलुक्कसमधल्या तेरनाते बेटाशी पोचला. तिथल्या सुलतान बाबुल्लाच्या बापाला पोर्तुगिजांनी दगा देऊन मारलं होतं, आणि बाबुल्लाने 1575 मध्ये पोर्तुगिजांना बेटावरून हाकलून दिलं होतं. पोर्तुगिजांचा शत्रू तो आपला मित्र, या हिशेबाने त्याने ड्रेकचं स्वागत केलं. ड्रेकने सुमारे सहा टन लवंग भरून घेतली. पुढे जानेवारीत त्याचं 'गोल्डन हाइंड' खडकावर चढलं तेव्हा त्यातली निम्मी समुद्रात टाकावी लागली. चांदीला मात्र हात लावला नाही. मोलुक्कसच्या मुक्कामात त्याने पोर्तुगालच्या राजाच्या एका मोठ्या जहाजावर दोन तोफा डागल्या, असा पोर्तुगिजांचा आरोप होता. हे दोन गोळे वाचकाने लक्षात ठेवावेत.

ड्रेक लवंगा भरत होता त्याच पंधरवड्यात, 10 नोव्हेंबर 1579 रोजी, गोव्यात एक तरुण इंग्रज लंडनच्या आपल्या व्यापारी वडिलांना पत्र लिहीत बसला होता. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. जन्म विल्टशरमधला, शिक्षण ऑक्सफर्डचं. इंग्लंडात कॅथलिक असणं धोक्याचं झाल्यावर तो रोमला जाऊन जेझुइट झाला आणि लिस्बनहून पोर्तुगीज आरमाराबरोबर 24 ऑक्टोबरला गोव्याला उतरला. याच्या आधी हिंदुस्थानात येऊन राहिलेला दुसरा इंग्रज इतिहासाला माहीत नाही. त्या पत्रात त्याने समुद्रावरच्या अडचणी बारकाईने सांगितल्या. उत्तर-दक्षिण अंतर आकाशाकडे पाहून कळतं, पण पूर्व-पश्चिम जाताना आपण नेमके कुठे आहोत हे सांगणारी ठाम खूण आकाशात नाही, ही त्याची तक्रार. पुढची पावणेदोनशे वर्षं सगळ्या नाविकांची हीच तक्रार राहिली.

मराठी वाचकाला हा माणूस वेगळ्या नावाने ओळखीचा आहे. 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स ते हेच. गोव्यातल्या साष्टीत राहून ते मराठी शिकले, ओवीत रमले, आणि 1616 मध्ये राचोलला त्यांचं दहा हजारांवर ओव्यांचं पुराण छापून निघालं. पण ती पुढची गोष्ट.

सप्टेंबर 1580 मध्ये ड्रेक परतला. त्याला पैसे देणाऱ्यांना एका पौंडामागे 47 पौंड मिळाले असं सांगतात. पुढच्या एप्रिलमध्ये राणी एलिझाबेथने डेप्टफर्डला जहाजावर जाऊन त्याला 'सर' केलं. प्रवासाचा वृत्तान्त मात्र तिने बाहेर फुटू दिला नाही. ड्रेकच्या नोंदी आणि नकाशे राजवाड्यात गेले ते तिथेच राहिले. त्याच वर्षी पोर्तुगालची गादी स्पेनच्या फिलिप राजाकडे गेली होती, म्हणजे लिस्बन, गोवा, मलाक्का सगळं एका मुकुटाखाली आलं होतं. अशा शेजाऱ्याला, तुझी चांदी आम्ही कोणत्या वाटेने आणली, हे छापून कळवण्याची घाई राणीला नव्हती.

चांदीचं पुढे काय झालं याचा एक हिशेब अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1930 मध्ये मांडला. राणीने आपल्या वाट्यातून परदेशी कर्ज फेडलं आणि उरलेल्यातले सुमारे 42,000 पौंड लेव्हंट कंपनीत घातले. त्या कंपनीच्या नफ्यातून पुढे ईस्ट इंडिया कंपनीला भांडवल मिळालं. केन्सची मांडणी थोडी नाट्यमय आहे, पण पैशाच्या ओघाची दिशा त्यांनी बरोबर दाखवली. लेव्हंट कंपनी म्हणजे तुर्की सुलतानाच्या मुलखाशी व्यापार करायची सनद मिळालेले लंडनचे व्यापारी. यांच्यातल्या एडवर्ड ऑस्बोर्न आणि रिचर्ड स्टेपर या दोघांनी ठरवलं की, समुद्राची वाट पोर्तुगिजांनी अडवली असेल तर जमिनीवरून हिंदुस्थान गाठावा.

फेब्रुवारी 1583 मध्ये 'टायगर' जहाजातून माणसं निघाली. जॉन न्यूबेरी हा म्होरक्या, तो आधी एकदा होर्मुझपर्यंत जाऊन आला होता. राल्फ फिच हा लंडनचा व्यापारी. विल्यम लीड्स जव्हेरी, जेम्स स्टोरी चित्रकार. बरोबर राणीची दोन पत्रं होती, एक अकबर बादशहाला आणि एक चीनच्या सम्राटाला. अलेप्पो, बसरा करत ते होर्मुझला पोचले आणि तिथे पोर्तुगीज किल्लेदार मातियास द अल्बुकर्क याने त्यांना पकडून कैदेत टाकलं. चुगली केली होती एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याने, त्याला नवे प्रतिस्पर्धी नको होते. आरोप हेरगिरीचा. त्यात आणखी एक कलम घातलं गेलं: तुमच्या ड्रेकने मोलुक्कसला आमच्या राजाच्या जहाजावर दोन तोफा डागल्या.

कादंबरीकाराने हे रचलं असतं तर वाचकाने नाक मुरडलं असतं. ड्रेकच्या लुटीतला पैसा ज्या व्यापारात गेला त्या व्यापाराने ही माणसं पाठवली, आणि ड्रेकच्याच तोफांचा जाब त्यांना द्यावा लागला. न्यूबेरीने जानेवारी 1584 मध्ये गोव्याहून लिहिलेल्या पत्रात हे सगळं नमूद केलं आहे, म्हणून विश्वास ठेवायचा.

होर्मुझहून त्यांना गोव्याला आणलं, 29 नोव्हेंबर 1583 रोजी. तिथल्या तुरुंगात नाताळच्या आधीपर्यंत ठेवलं. बाहेर काढायला धावून आला तो थॉमस स्टीफन्स. पंथ वेगळा, पण मायबोली एक. त्याच्या आणि आणखी एका फ्लेमिश जेझुइटाच्या खटपटीने जामीन मिळाला. गोव्यात तेव्हा यान हायगेन फान लिन्सखोतेन हा डच तरुण आर्चबिशपचा चिटणीस होता. त्यानेही या इंग्रजांची हकीकत आपल्या ग्रंथात टिपून ठेवली, त्यामुळे एकाच घटनेचे दोन बाजूंचे साक्षीदार आपल्याला मिळतात. चित्रकार स्टोरी जेझुइटांकडे गेला, त्यांच्या चर्चची चित्रं रंगवू लागला आणि पुढे गोव्यातच संसार थाटून राहिला. उरलेल्या तिघांनी घर घेतलं, दुकान मांडलं. धंदा बरा चालला होता. पण जामिनाचे पैसे परत मागताच व्हाइसरॉयकडून उत्तर आलं की, तुमच्याविरुद्ध आणखीही बरंच काही आहे. याचा अर्थ न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

5 एप्रिल 1584 रोजी तिघे नदी ओलांडून पसार झाले. दोन दिवस पायी चालले. वाट माहीत नाही, आणि वाटाड्या घ्यावा तर तोच पकडून देईल ही भीती. बेळगावला पोचल्यावर जीव भांड्यात पडला. तिथे हिरे, माणकं, नीलम यांचा मोठा बाजार भरलेला होता, जव्हेरी लीड्सचे डोळे चमकले असणार. पुढे विजापूर, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची राजधानी. राईतली देवळं आणि गाय, वानर, मोर अशा रूपांतल्या मूर्ती फिचला तिथे दिसल्या. मग गोवळकोंडा, मुहम्मद कुली कुतुबशहाचं राज्य. चांगली घरं, भरपूर पाणी, फळफळावळ, आणि जवळच हिऱ्यांच्या खाणी.

गोवळकोंड्याहून तिघे वायव्येकडे वळले. फिच सांगतो, तिथून आपण एका प्रदेशात गेलो, त्याच्या राजाला 'ब्रेड'चा राजा म्हणतात. हे 'ब्रेड' म्हणजे बरीद, बीदरचे बरीदशहा. इंग्रजी कानाने केलेला हा घोटाळा अभ्यासकांनी केव्हाच सोडवला. मातीची, गवताने शाकारलेली घरं त्याने इथे पाहिली. आणि पुढचंच नाव येतं ते बाळापूर. तिथून बुऱ्हाणपूर.

बीदर आणि बाळापूर यांच्यामध्ये आजचे लातूर, नांदेड, हिंगोली, वाशीम हे जिल्हे पसरले आहेत. फिचने मधल्या एकाही गावाचं नाव दिलं नाही. त्याच्या वर्णनातली ही जागा कोरी आहे. पण तो मुलूख काही कोरा नव्हता. मांजरा ओलांडावी, मग गोदावरी, मग पैनगंगा. कंधारचा किल्ला एका अंगाला, माहूरचा गड पूर्वेला डोंगरात. बहमनी राज्य जोरात असताना महमूद गावानने सुभ्यांची फेरमांडणी केली तेव्हा वऱ्हाडाचे दोन भाग पाडले होते, एकाचं ठाणं गाविलगड आणि दुसऱ्याचं माहूर. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड गिळलं आणि माहूरही तिकडे गेलं. म्हणजे या तीन फिरंग्यांनी बीदरच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं तेव्हा ते मुर्तजा निजामशहाच्या राज्यात शिरले.

माहूरच्या लोकांना दूरच्या प्रवासाचं अप्रूप नसावं. दत्तगुरू रोज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा घेतात आणि निद्रेला माहूरला येतात, ही श्रद्धा इथे शतकानुशतकं चालत आलेली आहे. रेणुकेच्या दर्शनाला तेलंगण, वऱ्हाड, मराठवाडा तिन्हीकडून माणसं येतात, कारण तिन्ही मुलखांच्या वाटा इथे जवळ येतात. लष्करी माणसालाही ते ठाऊक होतं. 1596 मध्ये चांदबिबीने तहात वऱ्हाड मोगलांना दिल्यावर अकबराच्या दप्तरात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून नोंदलं गेलं. 1623 मध्ये बापाविरुद्ध बंड करून पळालेला शहाजादा खुर्रम, पुढचा शाहजहान, बुऱ्हाणपूरकडून कुतुबशाही मुलखाकडे निघाला तेव्हा जड सामान आणि हत्ती माहूरच्या गडावर उदाजीराम देशमुखाकडे ठेवून गेला. फिच ज्या दिशेने वर गेला, तीच वाट उलट्या बाजूने. माहूरचं या वाटेवरचं वजन किती होतं, ते यावरून कळतं.

बुऱ्हाणपूरला अकबराचा अंमल सुरू होत असल्याचं फिच सांगतो. वाटेत जागोजाग लग्नं लागत होती. आठ-दहा वर्षांचे नवरे, पाच-सहा वर्षांच्या नवऱ्या, वरात घोड्यावरून. सुती कापडाचा सुकाळ. पुढे पावसाने नद्या फुगल्या, कुठे कमरेएवढ्या पाण्यातून तर कुठे पोहून जीव वाचवावा लागला. उज्जैन, सिरोंज करत ते आग्र्याला आणि फत्तेपूर सिक्रीला पोचले. लीड्सला अकबराच्या दरबारात नोकरी मिळाली. न्यूबेरी सप्टेंबर 1585 मध्ये लाहोरच्या वाटेने घरी जायला निघाला, आणि त्याचं पुढे काय झालं ते कोणालाच कळलं नाही. फिच एकटा बंगाल, ब्रह्मदेशातलं पेगू, मलाक्का फिरला आणि 29 एप्रिल 1591 रोजी लंडनला परतला. आठ वर्षं झाली होती. तो मेला असं धरून त्याच्या मालमत्तेची वाटणीही होऊन गेली होती.

फिच परतला तेव्हा लंडनमध्ये मॉलिन्यूच्या गोलाचं काम संपत आलं होतं. दहा-बारा वर्षं दडवून ठेवलेला ड्रेकचा मार्ग आता उघडपणे गोलावर का आला, याचं उत्तर 1588 मध्ये आहे. त्या वर्षी स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं आणि फसलं. त्याच सप्टेंबरात कॅव्हेंडिशही पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. उघड युद्ध जुंपल्यावर लपवायचं कोणापासून? 1589 मध्ये ड्रेकच्या मार्गाचा नकाशा कोरलेलं चांदीचं पदक निघालं. त्याच वर्षी रिचर्ड हॅक्लुट याने इंग्रजांच्या प्रवासांचा मोठा ग्रंथ छापला आणि त्यात ड्रेकच्या प्रवासाची बिनआकड्यांची सहा पानं आयत्या वेळी घातली. त्याच ग्रंथात थॉमस स्टीफन्सचं गोव्याहून आलेलं पत्रही आहे, आणि प्रस्तावनेत मॉलिन्यूच्या येऊ घातलेल्या गोलाची जाहिरातही. माहितीचा बांध एकदम फुटला, असं म्हणायला हरकत नाही.

गोलामागचा पैसा विल्यम सँडरसनचा. हा लंडनचा व्यापारी सागरी मोहिमांचा इतका वेडा होता की त्याने आपल्या तीन मुलांची नावं रॅली, कॅव्हेंडिश आणि ड्रेक अशी ठेवली. गोलावर त्याने हजार पौंडांहून अधिक खर्च केले. गणिताची बाजू एडवर्ड राइटने सांभाळली, कोरीवकाम योडोकस होंडियस या फ्लँडर्सहून पळून आलेल्या निर्वासिताने केलं. बारीक कागदाचे थरावर थर, त्यावर चुन्याचा पातळ लेप, त्यावर छापलेल्या नकाशाच्या फाका, आणि तोल राहावा म्हणून आत वाळू. व्यास सुमारे 62 सेंटिमीटर. मोठ्या गोलाची किंमत 20 पौंडांपर्यंत असे. गरिबाच्या घरी तो जाणार नव्हता. पण तो वापरायचा कसा, हे सांगणारं पुस्तक 1594 मध्ये निघालं. ते लिहिणारा रॉबर्ट ह्यूज स्वतः कॅव्हेंडिशबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता. त्याच वर्षी थॉमस ब्लंडेव्हिल याने आपल्या पाठ्यपुस्तकात गोलावरची लाल रेघ कुणाची आणि निळी कुणाची, हे विद्यार्थ्यांना समजावून दिलं.

गोल स्मारक होताच, पण तेवढाच नव्हता. भांडवलदारांनी पाहावा, रेघांवरून बोट फिरवावं आणि पुढच्या मोहिमेत पैसे घालावेत, हा हेतूही सँडरसनच्या मनात असावा. दोन इंग्रज पृथ्वी फिरून आले, तिसरा का जाणार नाही? गोलासारखी जाहिरात दुसरी नव्हती. त्या काळच्या युरोपीय नकाशांत हिंदुस्थानचा किनारा पोर्तुगिजांच्या कृपेने गजबजलेला असे. आतल्या भागासाठी मात्र टॉलेमीच्या जुन्या कल्पनांचा आधार घ्यावा लागे. दख्खनच्या आत काय आहे, बाजार कुठे भरतो, हिरे कुठे निघतात, कापड किती, नद्या कधी अडवतात, हे सांगणारा माणूस राल्फ फिच होता. त्याचा वृत्तान्त हॅक्लुटने 1599 मध्ये छापला. ईस्ट इंडिया कंपनी उभी राहू लागली तेव्हा तिच्या लोकांनी फिचला बोलावून सल्ला घेतला. 31 डिसेंबर 1600 रोजी कंपनीला सनद मिळाली. इथे श्रेय ड्रेकला जास्त मिळालं आणि फिचला कमी, असं म्हणणं भाग आहे. समुद्राची वाट कळल्याने कंपनीची जहाजं निघाली असती, पण किनाऱ्यावर उतरल्यावर कोणाशी बोलायचं ते पायी फिरलेल्या माणसालाच माहीत होतं.

1613 मध्ये सुरतेला वखार झाली, 1668 मध्ये मुंबई कंपनीच्या हातात आली. 1853 मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं, आणि माहूरच्या गडाखालून वाहणारी पैनगंगा इंग्रजी अंमल आणि निजामाचा मुलूख यांची सीमा झाली. माहूर नदीच्या अलीकडे, निजामाकडे राहिलं, ते सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईपर्यंत. फिच आणि त्याच्या सोबत्यांनी जी नदी लपतछपत ओलांडली असेल, तिच्या एका तीरावर अडीचशेहून अधिक वर्षांनी त्यांच्या देशबांधवांचे कलेक्टर बसले.

गोल घडवणाऱ्याच्या नशिबी मात्र फारसं काही आलं नाही. मॉलिन्यू तोफा घडवण्याच्या उद्योगात शिरला, ॲमस्टरडॅमला गेला आणि 1598 मध्ये तिथेच गरिबीत वारला. होंडियस त्याच्या आधीच हॉलंडला परतला होता. त्याने मर्केटरच्या नकाशांचे तांब्याचे पत्रे विकत घेतले आणि गोल, नकाशांचा धंदा डचांच्या हाती नेऊन ठेवला. ड्रेकचं 'गोल्डन हाइंड' डेप्टफर्डला लोकांनी पाहण्यासाठी ठेवलं होतं, ते कुजून मोडलं. त्याच्या लाकडाची एक खुर्ची ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, आणि मिडल टेंपलच्या दिवाणखान्यातलं एक मेज त्याच जहाजाच्या फळीचं असल्याचं तिथले वकील सांगतात. ड्रेकच्या मूळ नोंदी 1698 मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याला लागलेल्या आगीत गेल्या असं मानतात.

मॉलिन्यूचे पृथ्वीगोल आज दोनच उरले आहेत. एक 1592 चा, ससेक्समधल्या पेटवर्थ हाउसमध्ये. नॉर्थंबरलँडचा उमराव लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना त्याला तो वॉल्टर रॅलीने दिला अशी कथा आहे. दुसरा मिडल टेंपलमधला, त्यावर नव्या शोधांची भर घालून सालही बदलून 1603 केलेलं. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'च्या सतराव्या शतकातल्या तीन छापील आवृत्त्यांची मात्र एकही प्रत मिळत नाही. देवनागरीतलं एक हस्तलिखित मार्सडन संग्रहात आहे, आणि तो संग्रह लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या शाळेत, म्हणजे 'सोआस'मध्ये, रसेल स्क्वेअरजवळ ठेवलेला आहे.

लंडनला शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी मुलामुलींनी हे दोन्ही पाहावं. मिडल टेंपलचं ग्रंथालय सभासदांसाठी आहे, म्हणून आधी पत्र लिहून परवानगी मागावी. दोन्ही जागांमधलं अंतर पायी तासाभराचंही नाही.